दर पावसाळ्यात खडी गेटाबाहेर येते : दोष कुठे शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी

दिवाळीत गेटपासून पोर्चपर्यंत टाकलेली खडी आषाढ संपता संपता रस्त्यावर येऊन पडते, चाकांच्या ओळीत दोन चाकोऱ्या उमटतात, त्यांच्यामध्ये गवत वाढते आणि पुढच्या दिवाळीत क्रशरवर पुन्हा एक ब्रास (शंभर घनफूट) खडीची मागणी जाते. हा क्रम कोल्हापूर परिसरातील अनेक घरांच्या आवारात वर्षानुवर्षे चालू आहे. पाचगावच्या उतारावरील आमच्या घरी तो तीन वर्षे चालला. चौथ्या वर्षी खडी मागवण्यापूर्वी आम्ही जमीन खणून पाहिली आणि तेव्हा लक्षात आले की तीन वर्षे आपण ज्या वस्तूला दोष देत होतो, तिच्यात फारसा दोष नव्हताच. खडीच्या खाली काय आहे आणि खडीवरून पाणी कोणत्या वाटेने जाते, या दोन गोष्टी बदलल्याशिवाय वरून कितीही खडी टाकली तरी तिचा शेवट एकच होतो. त्यानंतर वडणग्याला बहिणीच्या घरी आणि पन्हाळ्याच्या उतारावर मामांच्या घरी हेच काम करण्याचा प्रसंग आला. तिन्ही ठिकाणी तक्रार एकाच शब्दांत सांगितली जात होती, "खडी टिकत नाही", पण तिन्ही ठिकाणचे कारण वेगळे निघाले. म्हणून दुरुस्तीआधी निदान कसे करावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी खणून पाहावे, मग पावसात उभे राहून पाहावे

जेथे चाकोरी सर्वांत खोल आहे तेथे दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा, आणि जेथे वाट अजून शाबूत दिसते तेथे तसाच दुसरा घ्यावा. खड्ड्याच्या बाजू फावड्याने सरळ तासल्या की थर स्पष्ट दिसतात. खडी चिखलात मिसळलेली असेल आणि तिच्या खाली काळी, चिकट, ओलसर माती लागत असेल, तर खडी वाहून गेलेली नाही, ती जमिनीत गेली आहे. खाली मुरूम किंवा मांजरा दगड टणक लागत असेल, परंतु वरची खडी एक-दीड इंचच उरली असेल, तर ती पाण्याने नेली आहे. खडी पुरेशी आहे, खालचा थरही घट्ट आहे, तरी पाय ठेवल्यावर दगड एकमेकांवरून घसरत असतील, तर माल चुकीचा निवडला गेला आहे किंवा दबाई झालेली नाही. अनेकदा या तीनपैकी दोन कारणे एकत्र असतात, पण त्यातले मुख्य कोणते हे खड्ड्यावरून कळते.

दुसरी पाहणी पावसातच करावी लागते आणि ती टाळू नये. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर छत्री घेऊन अर्धा तास वाटेच्या कडेला उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे एकत्र होते, कोणत्या जागी त्याचा रंग गढूळ होतो, हे पाहून तेथे खुंट्या ठोकाव्यात. आमच्याकडे निम्मे पाणी आभाळातून वाटेवर पडतच नव्हते. ते छताच्या पन्हळीतून येणाऱ्या पाइपातून थेट वाटेच्या माथ्यावर ओतले जात होते. हजार चौरस फुटांच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सव्वादोन हजार लिटरांहून अधिक पाणी जमा होते. एवढे पाणी एकाच पाइपातून एकाच जागी सोडल्यावर खालची खडी राहील, अशी अपेक्षा करणेच चूक होते.

खडी जमिनीत गडप होत असल्यास

वडणग्याचे बहिणीचे घर पंचगंगेच्या काळ्या मातीत आहे. ऊस उत्तम येतो ती हीच माती, आणि तिचा जो गुण शेताला उपयोगी पडतो तोच वाटेला मारक ठरतो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ही माती मऊ होते आणि गाडीचे वजन आले की खडीच्या फटींतून वर येते. प्रत्येक वेळी गाडी गेली की दगड थोडा खाली आणि चिखल थोडा वर, असे होत होत दोन पावसाळ्यांत चार इंचांचा थर दिसेनासा होतो. पाणंद रस्त्यांवर मुरूम टाकूनही दुसऱ्या वर्षी राडा होतो, त्यामागचे कारणही बहुतेक वेळा हेच असते.

यावर उपाय म्हणजे माती आणि खडी यांच्यामध्ये काहीतरी असे घालणे, जे पाण्याला जाऊ देईल पण मातीला वर येऊ देणार नाही. बहिणीकडे आम्ही एक फूट काळी माती काढून टाकली, तळाला कडेकडे उतार दिला आणि तळ धुमसाने, म्हणजे जमीन ठोकण्याच्या जड हत्याराने, ठोकून घेतला. त्यावर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरले. हे कापड जाड फेल्टसारखे दिसते आणि दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचे घरगुती कामाला पुरते. दोन पट्ट्यांचा जोड किमान एक फूट एकमेकांवर चढवावा, कारण काळ्या मातीत कमी जोड उघडा पडतो. प्लॅस्टिकचा साधा कागद येथे चालत नाही. तो पाणी अडवतो, वरचा थर भिजत राहतो आणि उतारावर तर सगळा थरच कागदावरून घसरतो. खतांच्या पोत्यांचे तुकडे शिवून वापरलेलेही मी पाहिले आहेत, पण ते वर्ष-दोन वर्षांत दगडांनी फाटतात.

कापडावर सहा इंच मुरूम दोन थरांत टाकून प्रत्येक थर वेगळा दाबला आणि त्यावर खडीचे थर घेतले. मुरूम निवडताना काळजी घ्यावी, कारण मुरूम या नावाखाली चिकट मातीही येते. काचेच्या बाटलीत एकतृतीयांश मुरूम आणि बाकी पाणी भरून जोरात हलवावी व ठेवून द्यावी. वाळू आणि बारीक खडे मिनिटभरात तळाला बसतात, पाणी मात्र कित्येक तास गढूळ राहून वर चिकणमातीचा जाड थर साचत असेल, तर ती गाडी परत पाठवावी. आमच्याकडे आलेली पहिली गाडी याच परीक्षेत नापास झाली. पुरवठादाराने ती तक्रार न करता बदलून दिली, पण गाडी ओतल्यावर परीक्षा घेतली असती तर ते शक्य झाले नसते.

नदीकाठच्या घरांसाठी आणखी एक सूचना आवश्यक वाटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांच्या आवारात पाणी शिरले, त्यांच्या वाटेवर पाणी ओसरल्यानंतर गाळाचा थर राहिला असेल. त्या गाळावर नवी खडी टाकली असल्यास तो थर दोन खडींच्या मधे अडकून राहतो आणि दर पावसाळ्यात वरची खडी त्याच्यावरून सरकते. अशा वाटेवर गाळ संपूर्ण खरवडून काढावा, आणि तळ वाळेपर्यंत काही दिवस गाडी आत घेऊ नये. भिजलेल्या तळावर एकदा जड गाडी गेली की जी चाकोरी पडते, ती तळापर्यंत पडते आणि वरून भरून निघत नाही.

खडी उताराने वाहून जात असल्यास

पाचगावला आमच्या घराखाली मुरूम आहे, त्यामुळे खडी खाली जाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो उताराचा. उतार मोजणे सोपे आहे. वाटेच्या लांबीत दहा फूट अंतरावर दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये दोरी ताणावी, पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोरी समपातळीत आणावी आणि वरच्या खुंटीपाशी दोरी जमिनीला टेकलेली ठेवून खालच्या खुंटीपाशी ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. आमच्याकडे दहा फुटांत एक फूट उतार निघाला. माझ्या अनुभवाप्रमाणे हीच मोकळ्या खडीची शेवटची मर्यादा आहे. याहून अधिक उतार असेल, तर चाकांखाली दोन-दोन फूट रुंदीच्या काँक्रीटच्या पट्ट्या ओतून फक्त मधल्या भागात खडी ठेवावी किंवा दगडी फरसबंदी करावी. त्या उतारावर खडी टिकवण्याचा आग्रह धरण्यात दरवर्षी पैसे जातात.

मर्यादेच्या आत असलेल्या उतारावरही पाण्याचा वेग हा खरा शत्रू आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचे वजन सिद्धांताप्रमाणे ६४ पट होते. म्हणूनच वाटेच्या वरच्या भागात खडी हलतही नाही आणि खालच्या दहा फुटांत मोठे दगडसुद्धा निघून जातात. जाड खडी टाकून या गणितावर मात करता येत नाही. पाण्याला वाटेवरून लांबवर धावू न देणे हा एकच मार्ग उरतो.

त्यासाठी वाटेचा माथा मधे उंच आणि कडा खाली असाव्या लागतात. येथे जी चूक सर्रास होते तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या दहा फूट रुंद वाटेचा मध्य कडेपेक्षा जेमतेम अर्धा इंच उंच होता, आणि काम करणाऱ्यांनी "पाण्याला ढाळ दिला आहे" असे सांगितले होते. सपाट जागेत तेवढा ढाळ थोडाफार उपयोगी पडला असता. पण उतारावर पाणी कडेकडे आणि खाली अशा दोन्ही दिशांना एकाच वेळी ओढले जाते. दहा फुटांत एक फूट उतार आणि पाच फुटांत अर्धा इंच ढाळ असेल, तर मध्यावर पडलेल्या थेंबाला कड गाठेपर्यंत उताराने साठ फूट जावे लागते. आमची वाट चाळीस फुटांची आहे. म्हणजे मध्यावरचे पाणी कडेच्या चरात कधी पोहोचतच नव्हते, ते थेट गेटापर्यंत येत होते. मध्य सुमारे अडीच इंच उंच केल्यावर हेच अंतर बारा फुटांवर आले. कागदावर हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो आधी केला असता तर तीन ब्रास खडी वाचली असती, ही खंत अजून जात नाही.

माथ्याशिवाय आडवे चरही लागतात. आमच्या वाटेवर दर पंधरा फुटांवर आम्ही बशीसारखा उथळ, दोन फूट रुंद आणि तीन इंच खोल दगडी पट्टा घेतला. तो वाटेला काटकोनात न घेता खालच्या कडेकडे तिरका ठेवला, कारण काटकोनातील चरात पाणी थांबते, गाळ बसतो आणि चर भरला की पाणी त्याच्यावरून पुढे उडी घेते. पट्ट्याचे तोंड जेथे उघडते तेथे डबर रचले, नाहीतर तेथेच घळ पडून ती मागे मागे वाटेकडे सरकू लागते. पन्हळीचा पाइप जमिनीखालून कडेच्या चरात नेला. हे पाणी शेजाऱ्यांच्या हद्दीत जाणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी अर्थातच आपली आहे. शोषखड्डा घ्यायचा असल्यास तो घराच्या पायापासून आणि वाटेपासून दूर असावा. काळ्या मातीत तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण पावसाळ्यात ती माती पाणी आत घेतच नाही.

वाटेच्या दोन्ही कडांना अटकाव नसेल तर दबलेला थरही बाजूने सुटत जातो. घडीव काळा दगड किंवा जांभ्याचा चिरा उभा गाडून, त्याची निम्म्याहून अधिक उंची जमिनीत राहील अशी कड बांधावी. कड खडीच्या पातळीपेक्षा वर ठेवली तर पाणी वाटेवरच कोंडले जाते आणि उताराने खाली धावते. म्हणून तिचा माथा खडीच्या बरोबरीला किंवा अर्धा इंच खाली ठेवावा. नर्सरीतील सुशोभित वाटांसारखी उंच कड उतारावर करू नये.

खडी पायाखाली सरकत असल्यास

काही ठिकाणी तळ पक्का आणि पाण्याची सोय नीट असूनही वाट कधी बसतच नाही. तेथे बहुधा एकाच मापाची, धुतलेली, स्वच्छ खडी टाकलेली असते, किंवा शोभेसाठी नदीतले गोल गोटे. गोल गोटा दुसऱ्या गोट्याला पकडू शकत नाही आणि एकाच मापाच्या खडीत मोकळ्या फटी भरायला काहीच नसते, त्यामुळे रोलर दिवसभर फिरवला तरी ती पुन्हा सुटते. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड क्रशरमधून टोकदार, कोनाकोनाचा निघतो आणि तोच या कामासाठी सर्वोत्तम आहे. परंतु तो मिश्र मापात लागतो. मोठ्या दगडांच्या फटीत मध्यम खडी, तिच्या फटीत कच (दगडाचा बारीक चुरा) आणि कचच्या फटीत भुकटी गेली की सगळा थर एकजीव होतो.

आम्ही खालचा थर ४० मिलिमीटर खडीचा घेतला आणि त्यावर २० मिलिमीटर व त्याहून बारीक खडी कच-भुकटीसह मिसळून दोन इंचांचा थर दिला. वरच्या थरात थोडा चाळलेला मुरूम मिसळल्यास तो पकड धरतो. मात्र त्याचे प्रमाण वाढले की पावसात वाट निसरडी होते आणि उन्हाळ्यात धूळ उडते. खालच्या थरात चिकट मुरूम अजिबात मिसळू नये, कारण तेथे पाणी निचरून जाणे महत्त्वाचे असते. शोभेची मोकळी खडी हवीच असेल, तर सगळ्यात वर एक इंचापेक्षा जास्त पसरू नये. तीन इंच मोकळ्या खडीत गाडी रुतते आणि दुचाकीला तर ती धोकादायकच असते.

दबाई

दबाई म्हणजे शेवटी एकदा रोलर फिरवणे, हा समज सगळीकडे आढळतो आणि बहुतेक कामे येथेच बिघडतात. सहा इंचांचा थर एकदम पसरून वरून दाबला, तर वरचे तीन इंच घट्ट होतात आणि खालचे तीन इंच मोकळेच राहतात. वाट पहिले दोन महिने उत्तम दिसते आणि पहिल्या मोठ्या पावसात खालचा भाग बसतो. भाड्याने मिळणारा सुमारे ९० किलो वजनाचा प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पाट्याच्या कंपनाने माल दाबणारे यंत्र) असेल, तर एका वेळी मोकळा थर चार इंचांपेक्षा जास्त पसरू नये, आणि हाताचा धुमस असेल तर दोन ते तीन इंचांपेक्षा जास्त नको. चार इंच मोकळा थर दबून तीन ते सव्वातीन इंच होतो. हे मोजून पाहण्यासाठी कडेच्या खुंट्यांवर आधीच खुणा कराव्यात. थर दबला की नाही याचे उत्तर त्या खुणा देतात.

ओलाव्याकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. कोरडी भुकटी दगडांच्या मधे सरकत नाही, ती फक्त उडते. जास्त भिजलेला माल यंत्राखाली हलतो आणि यंत्र पुढे गेले की परत वर येतो. कच-भुकटीचा माल मुठीत दाबून पाहावा. गोळा झाला, हाताला पाणी लागले नाही आणि बोटाने दाबल्यावर गोळ्याचे दोन-तीन तुकडे झाले, म्हणजे ओलावा बरोबर आहे. गोळा भुसभुशीत सुटला तर झारीने पाणी मारावे, आणि बोटांमधून पाणी निघाले तर तो माल पसरून काही तास वाळू द्यावा. पाणी पाइपाच्या धारेने मारू नये, कारण भुकटी धुऊन खाली जाते आणि वर पुन्हा नुसती खडी उरते.

यंत्र फिरवण्याचा क्रम कडांपासून मध्याकडे असावा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली असावी. मध्यापासून सुरुवात केल्यास माल कडांकडे ढकलला जातो आणि कष्टाने दिलेला माथा बसतो. उतारावर खालून वर काम न्यावे, म्हणजे वरचा माल दबलेल्या खालच्या मालावर टेकतो. यंत्र चालवणाऱ्याने उताराच्या खालच्या बाजूला उभे राहू नये, यंत्र घसरले तर अंगावर येते. प्रत्येक थरावर तीन-चार पूर्ण फेऱ्या लागतात. पाण्याचा किंवा ड्रेनेजचा पाइप वरच्या वर गेला असेल, तर त्या पट्ट्यात यंत्राऐवजी धुमसच वापरावा. दगडाची भुकटी फुप्फुसांना घातक असते, तेव्हा मास्कशिवाय कोणाला हे काम करू देऊ नये, मजुरांनी "सवय आहे" असे सांगितले तरीही.

दबाई पुरी झाली का, हे पाहण्याची खडीकरणाच्या कामावरील एक जुनी पद्धत आहे. रोलरच्या पुढे एक सुटा खडीचा दगड ठेवायचा. तो थरात रुतला तर काम अपुरे आहे, आणि वरच्या वर फुटला तर थर पक्का झाला आहे. घरच्या कामात रोलर नसतो, तेथे भरलेली चारचाकी हळूहळू वाटेवरून नेऊन बाजूने जमिनीकडे पाहावे. चाकाखाली जमीन खाली जाऊन परत वर येताना दिसली, तर त्या जागी खाली ओलसर माती अडकलेली आहे आणि ती उकरून काढल्याशिवाय पुढचा थर घेण्यात अर्थ नाही. येण्याजाण्याने आपोआप दबेल म्हणून गाडी फिरवत राहणे मात्र उपयोगाचे नाही. गाडी फक्त दोन ओळी दाबते, आणि त्या दोन ओळी म्हणजेच पुढच्या वर्षीच्या चाकोऱ्या.

तोच खड्डा परत पडत असल्यास

खड्ड्यात खडी टाकून वरून पाय दिला, तर तो पुढच्या पावसात त्याच जागी उघडतो, कारण खड्ड्याचा तळ आणि बाजू घट्ट व गुळगुळीत असतात आणि नवा माल त्यांना धरत नाही. खड्डा चौकोनी, सरळ बाजूंचा कापून घ्यावा, त्याचा तळ सर्वांत खोल जागेच्याही खाली एक इंच टिकावाने मोकळा करावा, तोच माल नव्या मिश्र मालात मिसळून ओलसर करावा आणि दोन-दोन इंचांनी ठोकत भरावा. चाकोरीचीही हीच पद्धत आहे.

पन्हाळ्याकडच्या चढाच्या पायवाटा

मामांच्या घराची पायवाट गाडीसाठी नाही, पण चढ एवढा आहे की दहा फुटांत तीन फुटांवर जातो. तेथे खडीचा उतार ठेवण्याऐवजी आम्ही पायऱ्या केल्या. पन्हाळ्याच्या पठारावर जांभा आहे, त्यामुळे चिरे जवळच मिळाले. प्रत्येक पायरीच्या तोंडाला चिरा गाडून त्याच्या मागे खडी आणि कच भरून दाबला, आणि पायरीचा माथा बाजूच्या चराकडे किंचित कलता ठेवला. पायरी पुढच्या बाजूला कलती ठेवल्यास पाणी चिऱ्यावरून पडून खालच्या पायरीची खडी उकरते. रुंद पायऱ्या थोड्या महाग पडतात, पण मामींना आता पावसाळ्यात काठी न घेता देवळापर्यंत जाता येते. शहरापेक्षा त्या बाजूला पाऊस खूप जास्त असतो आणि गगनबावड्याकडे तर त्याहून कितीतरी पट अधिक, म्हणून पश्चिमेकडील तालुक्यांत चर आणि पट्टे शहरातल्या मापाने न घेता मोठे घ्यावेत.

किती माल आणि केव्हा

दहा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब वाटेवर दबलेली सहा इंच जाडी हवी असेल, तर २०० घनफूट म्हणजे दोन ब्रास होतात. दबाईत होणारी घट धरून अडीच ब्रास मागवावेत. मुरुमाच्या जमिनीवर घरच्या चारचाकीसाठी एवढी जाडी पुरते. काळ्या मातीवर खालच्या मुरुमासह एक फुटापर्यंत जावे लागते. आवारात पाण्याचा टँकर येत असेल, तर १०,००० लिटर पाण्याचेच वजन दहा टन होते हे ध्यानात घेऊन तेवढा भाग अधिक जाड करावा.

कामासाठी डिसेंबर-जानेवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा काळी माती चिखल राहिलेली नसते आणि तिला मोठ्या भेगाही पडलेल्या नसतात, त्यामुळे तळ नीट दबतो. अडचण एवढीच की त्याच दिवसांत उसाचा हंगाम असतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या फेऱ्यांत गुंतलेल्या असतात, म्हणून माल आधी सांगून ठेवावा लागतो. मे महिन्यात काम करणाऱ्यांना वळवाच्या पावसाचा फायदा मिळतो. वळीव थोडा वेळ पण जोरात पडतो आणि चर कोठे कमी पडतात हे मृग लागण्याआधीच दाखवतो. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, त्याच्या आधी किमान दोन आठवडे दबाई पुरी झालेली असावी.

पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर फावडे घेऊन वाटेवरून एकदा फिरावे. कडेला आलेली खडी दाताळ्याने मध्याकडे ओढून घ्यावी, पट्ट्यांत बसलेला गाळ काढावा, आणि गढूळ पाण्याची एखादी नवी रेघ वाटेच्या मध्यावरून जाताना दिसली तर त्याच दिवशी माल ओला असतानाच माथा दुरुस्त करून धुमसाने ठोकावा. आमच्याकडे आता वर्षातून हे काम दोन वेळा, प्रत्येकी अर्धा दिवस, एवढेच लागते आणि चार पावसाळ्यांत पाच घमेल्यांपेक्षा जास्त नवी खडी टाकावी लागलेली नाही.